वाड्यातल्या जुन्या फळ्या: शिसव आहे का, आणि चौरंग करताना काय सांभाळायचं?

कराड_हौशी

नमस्कार मंडळी. वाईकडच्या एका पाडलेल्या वाड्यातल्या फडताळाच्या चार फळ्या मिळाल्यात. चारही वरून सारख्याच काळपट, जाड जुनं पॉलिश. देणाऱ्याने "चारही अस्सल शिसव" असं सांगितलं.

तीन फळ्या ६२ × २१ × ३.२ सेंमीच्या, वजन प्रत्येकी साडेतीन किलोच्या आसपास. चौथी ५८ × २० × ३ सेंमी, वजन २ किलो ३०० ग्रॅम. खिळ्यांची भोकं सगळ्यांना आहेत.

पूजेसाठी ४५ × ४५ सेंमीचा चौरंग करायचा आहे. हत्यारं म्हणजे लाकडी रंधा, पटाश्या, हातकरवत, ड्रिल आणि चार शिकंजे (क्लॅम्प). एका फळीच्या कोपऱ्यावर रंधा मारून बघितला तर एका दिशेने नीट चालला, चार बोटं पुढे गेल्यावर लाकूड खपल्या निघाल्यासारखं उपटलं. दिशा बदलली तर दुसरीकडे उपटलं.

हे शिसवच का? दुकानात "शीशम" म्हणून मिळतं ते आणि हे एकच का? आणि रंधा कसा मारायचा? पॉलिशचंही सांगा, कारण पुढे पावसाळा आहे.

रंधा_आणि_पटाशी

आधी नावाचा घोळ सोडवू. आपला शिसव म्हणजे सह्याद्रीतला काळा शिसव, डाल्बर्जिया लॅटिफोलिया. दुकानातलं "शीशम" बहुतेक वेळा शिसू असतं, डाल्बर्जिया सिसू. ते झाड मूळचं हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांकाठचं. आपल्याकडे रस्त्याच्या आणि कालव्याच्या कडेला लावलेलं दिसतं. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही चांगली, पण एक नव्हेत आणि किंमतही एक नव्हे.

आता तुमच्या फळ्या. रंगावर अजिबात जाऊ नका, जुन्या पॉलिशखाली सागवानसुद्धा शिसवासारखं दिसतं. वजनाचा हिशोब करा. ६२ × २१ × ३.२ म्हणजे सुमारे ४१६६ घन सेंमी. ३५०० ग्रॅमला त्याने भागलं की ०.८४ येतं, म्हणजे एका घन सेंमीचं वजन ग्रॅममध्ये. वाळलेला शिसव ०.८३ च्या आसपास असतो, म्हणजे तीन फळ्या हिशोबात बसतात. चौथीचं ३४८० घन सेंमीला २३०० ग्रॅम, म्हणजे ०.६६. हा शिसव नाही. साग ०.६५ च्या जवळपास असतो, शिरीषही त्याच घरात. चौथी फळी मागाहून दुरुस्तीत घातलेली असणार आणि रंग जुळावा म्हणून काळं पॉलिश दिलेलं.

मात्र वजनाने फक्त हलकी लाकडं बाद होतात. शिसू ०.७७ च्या आसपास, बिवळा ०.७९ च्या आसपास, ऐन तर थेट शिसवाच्या वजनाला येतो. म्हणून पुढची पायरी: फळीच्या न दिसणाऱ्या टोकाला धारदार पटाशीने दोन मिमी खोल ताजा काप घ्या. पॉलिश किंवा रंग सहसा तेवढा आत जात नाही. काप आडवा, म्हणजे फळीच्या डोक्यावर घ्यायचा आणि इतका स्वच्छ की चकाकला पाहिजे. पॉलिश पेपरने घासलात तर छिद्रांत भुकटी बसते आणि काही दिसत नाही. थुंकी किंवा पाण्याचं बोट लावून दहापट भिंगाखाली बघा.

शिसवात छिद्रं मोठी, विरळ आणि सगळीकडे विखुरलेली. त्यांच्या बाजूने फिकट, नागमोडी बारीक रेघा. सागात वर्षाची कडी (वाढीची वर्तुळं) ठळक असते, मोठी छिद्रं ओळीने कडं धरून बसतात, ते नुसत्या डोळ्यांनीही कळतं. मग फळीची सपाट बाजू रंध्याने साफ करून, ओली करून, उजेड तिरका पडेल अशी धरा. लाकडाच्या रेषेला (तंतूंच्या दिशेला) आडव्या, पाण्यावरच्या तरंगांसारख्या अगदी बारीक पट्ट्या दिसल्या तर ऐन बाद, कारण ऐनात त्या नसतात. शिसव, शिसू आणि बिवळा तिघांतही त्या असतात.

बिवळा वेगळा काढणं सोपं. मूठभर साली स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात तासभर ठेवा. बिवळ्याचं पाणी तपकिरी होतं आणि उन्हात धरलं की कडेला निळसर झाक मारतं. बिवळ्याचा पेला ज्यांच्या घरी आहे त्यांना हे रोजचं.

शिसू आणि शिसव यांतला फरक सगळ्यात अवघड. शिसू सोनेरी तपकिरी, त्यात गडद तपकिरी रेघा. शिसवाच्या ताज्या कापात जांभळी छटा असते आणि रेघा काळ्याकडे झुकतात. शिसवाच्या साली स्पिरीटमध्ये टाकल्या की स्पिरीट जांभळट होतं. ताजा कापल्यावर गोडसर वास येतो, जुन्या फळीतसुद्धा करवत चालवली की येतो.

कराड_हौशी

काप घेतले. तीन फळ्यांत आतून जांभळट तपकिरी, काळ्या रेघा, वास गोडसर. स्पिरीट द्राक्षाच्या रसासारखं झालं. आडव्या पट्ट्या दिसल्या. चौथीत कडी स्पष्ट, हाताला तेलकट, वास जुन्या चामड्यासारखा. म्हणजे साग ना?

रंधा_आणि_पटाशी

सागच. आणि वाईट वाटून घेऊ नका, चौरंगाच्या खालच्या पट्ट्यांना तीच फळी कामी येईल. साग हवेतल्या ओलाव्याने कमी फुगतो-आकसतो.

रानवाट_पाटण

झाडावरून ओळख विचारणारे पुष्कळ असतात म्हणून तेही लिहून ठेवतो. शिसवाचं पान संयुक्त, पर्णिका बहुधा ५ ते ७. त्या समोरासमोर नसतात, एक इकडे एक तिकडे. पर्णिका गोलसर, टोक बोथट, कधी मधे किंचित खाच. शिसूच्या पर्णिका ३ ते ५ आणि टोक स्पष्ट काढलेलं, अणकुचीदार. शेंग दोघांची चपटी, पट्टीसारखी, वाळली तरी तडकून उघडत नाही. पाटण, जावळी, शिराळा भागात ऐन, किंजळ, हिरडा यांच्या सोबतीने शिसव उभा असतो. वाढ फार सावकाश. मुळांतून फुटवे येतात, त्यामुळे मोठ्या झाडाभोवती बारकी रोपं दिसतात. ती चरायच्या गुरांपासून वाचवली तर झाड टिकतं.

कोयना आणि चांदोली हे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, तिथल्या झाडाला हात लावायचा विषयच नाही. सातबाऱ्यावरचं स्वतःच्या मालकीचं झाड असलं तरी तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास यांची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी करा, करवत नंतर. ओंडका विकत घेताना त्यावर हातोड्याचा शिक्का आहे का आणि सोबत पास आहे का ते बघा. कोणी "रात्री आणून टाकतो" म्हणाला की तिथेच व्यवहार थांबवा. शिसव जागतिक लाल यादीत असुरक्षित गटात आहे. २ जानेवारी २०१७ पासून तो सायटिसच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टातही आहे, त्यामुळे परदेशात पाठवायच्या मालाला कागद लागतात. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. तुमच्या जुन्या फळ्या हा खरं तर सगळ्यात चांगला मार्ग. पाडकामवाल्याची पावती मात्र जपून ठेवा.

रंधा_आणि_पटाशी

आता उपटण्याचं. शिसवाची रेष एका थरात डावीकडे झुकते, पुढच्या थरात उजवीकडे. म्हणून फळीच्या एकाच बाजूवर पट्टे असतात. एका पट्ट्यात तुम्ही रेषेबरोबर चालता, शेजारच्या पट्ट्यात रेषेविरुद्ध. दिशा बदलून हे सुटत नाही. पात्याचा कोन आणि सालीची जाडी बदलावी लागते.

लाकडी रंध्यात पातं साधारण ४५ अंशांवर बसतं. पात्याच्या सपाट पाठीला तेलदगडावर १० अंशांची, जेमतेम अर्धा मिमी रुंद उलटी धार द्या. लाकडाला भेटणारा कोन ५५ होतो. रंधा ढकलायला जड जाईल, पण पातं लाकूड उचलून फाडण्याऐवजी खरवडत जाईल. वरचं दाबपातं असेल तर ते धारेच्या ०.२ ते ०.३ मिमी मागे आणा, म्हणजे दोन कागदांच्या जाडीइतकं. दाबपातं आणि मुख्य पातं यांच्यात उजेड दिसता कामा नये. फट असली तर सालीचं टोक तिथे अडकतं आणि रंधा गुदमरतो. रंध्याचं तोंड रुंद झिजलेलं असेल तर पुढच्या बाजूला लाकडाची पट्टी चिकटवून ते अरुंद करा.

साल इतकी पातळ काढा की तिच्यातून छापील अक्षर वाचता येईल. रंधा सरळ न ढकलता किंचित तिरका धरा.

धार लवकर जाईल, त्याने गोंधळू नका. शिसवाच्या छिद्रांत चुन्यासारखे पांढरे कण साठलेले असतात, ते पात्याला सहाणेसारखे घासतात. दहा-पंधरा मिनिटांनी धार बघायची, दोनदा चामड्याच्या पट्ट्यावर ओढायची आणि पुढे. बोथट पात्याने जोर लावला की पुन्हा उपटणार.

शेवटचा हात रंध्याचा नको, खरवडणीचा. जुन्या करवतीच्या पात्याचा ०.८ मिमी जाडीचा, हाताएवढा तुकडा घ्या. कड कानशीने काटकोनात करा, तेलदगडावर दोन्ही अंगं घासा. मग कडक पोलादी सळईने, जुन्या चांगल्या स्क्रूड्रायव्हरची दांडी चालते, कडेवर तेलाचा थेंब टाकून दोन-तीनदा दाबून ओढा, दांडी पाच-सात अंश कलती धरून. बोटाला जाणवेल अशी बारीक वळ येते. खरवडणी दोन्ही अंगठ्यांनी मधे किंचित वाकवून पुढे ढकलायची. साल निघाली पाहिजे. भुकटी निघत असेल तर वळ गेली आहे. पातं तापून अंगठा भाजतो, म्हणून अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळा.

या सगळ्याच्या आधी चुंबक फिरवा. खिळ्याचं मोडकं टोक फळीत राहिलेलं असतं आणि रंध्याचं पातं नेमकं तिथेच जातं.

वखार_सांगली

चौरंगाच्या मापांबद्दल. तीन फळ्या ६२ सेंमी लांब आहेत. वरच्या पाटासाठी ४५ सेंमीचे तीन तुकडे घ्या, प्रत्येकाची रुंदी १५ ठेवा. २१ मधले सहा सेंमी कडेने जातील, त्यात खिळ्यांची भोकं आणि पांढरट कड दोन्ही निघून जातील. ती फिकट कड ठेवू नका, भुंगा आधी तिथेच लागतो.

उरलेल्या १७ सेंमीच्या तीन तुकड्यांतून पाय निघतात. ४.८ सेंमी रुंदीच्या आठ पट्ट्या कापा, रंध्याने २.४ जाडीला आणा, दोन-दोन जोडून चार पाय. जोडताना दोन्ही पट्ट्यांची रेष एकाच दिशेला ठेवा. पाय साफ करताना त्याचं मोल कळेल. खालच्या चार पट्ट्या सागाच्या फळीतून, साडेचार सेंमी रुंद आणि ३६ सेंमी लांब.

पाटाखालचा सांगाडा बाहेरून ४० सेंमीचा ठेवा, म्हणजे पाट चारही बाजूंनी अडीच सेंमी पुढे येईल. पट्टीचं कुसू (पायाच्या भोकात बसणारं टोक) ८ मिमी जाड, अडीच सेंमी लांब. दोन बाजूंची कुसवं पायाच्या आत एकमेकांना भेटतात, तेव्हा त्यांची टोकं ४५ अंशांत कापा. पायातलं भोक पटाशीने सरळ फोडायला जाऊ नका. शिसव कडक आहे आणि टोकाजवळ चिरतो. आधी ७ मिमीच्या ड्रिलने ओळीने भोकं पाडा, मग पटाशीने भिंती साफ करा. पायाचं वरचं टोक भोकाच्या वर किमान १२ मिमी शिल्लक ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाट सांगाड्याला खिळे किंवा सरस लावून पक्का बसवू नका. शिसव ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत आडव्या रुंदीत ५.८ टक्के आकसतो. याचा अर्थ लाकडातला ओलावा एक टक्का बदलला की रुंदी सुमारे ०.२ टक्का बदलते. मे महिन्यातलं कराड आणि ऑगस्टमधलं कराड यांत लाकडाचा ओलावा सहा टक्के सहज बदलतो. ४५ सेंमीच्या पाटाला हे साडेपाच मिमी झालं. पाट पक्का बसवला तर तो मधे तरी चिरतो नाहीतर जोड तरी उघडतो. हा दोष कारागिराचा धरला जातो, असतो मात्र जोडणीच्या पद्धतीचा.

रेषेला आडव्या येणाऱ्या दोन पट्ट्यांत मधोमध एक स्क्रू साध्या भोकात लावा. बाजूचे स्क्रू १० मिमी लांबट खाचेत, वायसर घालून. स्क्रू ४ मिमीचा. पाट मधून धरलेला राहील आणि दोन्हीकडे सरकेल. शिसवात स्क्रूला आधी भोक पाडावंच लागतं. पितळी स्क्रू लावायचा असेल तर त्याच मापाचा लोखंडी आधी फिरवून आटे पाडा, तो काढा, मग पितळीला साबण लावून बसवा. थेट पितळी फिरवला तर डोकं तुटून हातात येतं.

जोडायच्या आधी फळ्या ज्या खोलीत चौरंग राहणार तिथे तीन आठवडे, मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवा. महाबळेश्वरच्या धुक्यातली फळी आणि जतच्या उन्हातली फळी यांत फरक आहे.

लाखदाणा

चिकटवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि शिसवात काम तिथेच फसतं. या लाकडात तेलकट द्रव्य असतं, ते काही दिवसांत पृष्ठभागावर येतं. आज रंधलेली कड आठवड्याने जोडली तर पांढरा सरस वरवर धरतो आणि जोड सहा महिन्यांनी सुटतो. कड रंधली की त्याच दिवशी जोडा. जोडण्याआधी एन. सी. थिनरने किंवा ॲसिटोनने पांढरं फडकं भिजवून कड पुसा. फडक्यावर जांभळा रंग येईल, तो येणं कमी होईपर्यंत दोन-तीनदा पुसा, पाच मिनिटं सुकू द्या, लगेच सरस लावा. सरस दोन्ही कडांना. शिकंजा ताकदीने आवळू नका, कडेला बारीक मणी येतील इतपत पुरे. सगळा सरस पिळून बाहेर काढला तर जोड उपाशी राहतो. चोवीस तास हलवायचा नाही. दोन घटकांचा एपॉक्सी लावलात तर आणखी भरवसा.

मग पॉलिश. माझं मत स्पष्ट आहे: पहिला हात चपडी लाखेचाच.

पाटा_वरवंटा

माझ्या मते आधी जवसाचं तेल. शिसवाचा रंग तेलाने जसा खुलतो तसा लाखेने नाही. जुने लोक विटकरीची वस्त्रगाळ भुकटी आणि जवसाचं तेल घासूनच छिद्रं भरायचे.

लाखदाणा

रंग खुलतो हे खरं, आणि विटकरीची भुकटीही खरी. अडचण अशी की शिसवातलं नैसर्गिक द्रव्य तेलाला वाळू देत नाही. कच्चं जवस तेल साध्या लाकडावर सावकाश का होईना सुकतं, शिसवावर तीन आठवड्यांनीही बोटाला चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. तेलाचं व्हार्निश आणि काही पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशसुद्धा असंच करतं. तेल हवंच असेल तर उकळलेलं, फडक्याने जेमतेम पुसल्यासारखं, दहा मिनिटांत कोरड्या फडक्याने सगळं काढून टाकायचं आणि आठवडाभर थांबायचं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

लाखेचं प्रमाण: पहिल्या हातांसाठी एक लिटर स्पिरीटला १२० ग्रॅम चपडी लाख, रात्रभर काचेच्या बरणीत, मधूनमधून हलवून, सकाळी सुती फडक्यातून गाळून. लोखंडी डब्यात ठेवू नका, लाख काळी पडते. पहिला हात ब्रशने, भरभर, एका जागी दोनदा न फिरवता. जास्त घोळवलं तर स्पिरीट शिसवाचा जांभळा रंग ओढतं आणि शेजारच्या सागाच्या पट्टीवर डाग पाडतं. म्हणून सागाच्या पट्ट्यांना सांगाडा जोडण्याआधी वेगळे दोन हात देऊन ठेवा.

छिद्रं भरायला खडूची पांढरी लांबी (पुटी) वापरू नका. वर्षभराने पॉलिश आत बसलं की प्रत्येक छिद्र पांढरं टिपूस दिसतं. पहिले दोन हात सुकल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरवर लाख शिंपडून घासा. लाकडाचीच भुकटी लाखेत मिसळून छिद्रांत बसते. तीन-चार वेळा केलं की पाट काचेसारखा होतो. पुढचे हात २०० ग्रॅमच्या लाखेचे, कापसाच्या बोळ्याने, बोळ्याला तेलाचं एक टिपूस.

पावसाळ्यात लाख लावू नका. स्पिरीट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश दुधाळ पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये सुतारकाम करा, पॉलिश दसऱ्याच्या सुमाराला.

पूजेच्या चौरंगावर पाणी, हळद, गरम निरांजन सगळं येणार आणि लाखेवर पाण्याचे गोल डाग पडतात. म्हणून वरच्या पाटाला लाखेनंतर पीयूचे दोन हात द्या. पण मग खालची लाख मेण काढलेली हवी. साध्या लाखेतल्या मेणावर पीयू धरत नाही, सालपटासारखं सुटतं. मेण काढायला गाळलेली बरणी आठवडाभर न हलवता ठेवा, वरची निवळलेली लाख हळूच ओतून घ्या, तळाचा गढूळ भाग बाजूला.

कराड_हौशी

मास्क लागेल का? काल घासल्यावर मनगटावर पुरळ आलं.

लाखदाणा

लागेलच. शिसवाच्या भुकटीने अनेकांना कातडीवर पुरळ येतं, शिंका आणि दमही लागतो. एकदा वावडं सुरू झालं की पुढच्या प्रत्येक वेळी लवकर आणि जास्त येतं. एन ९५ मास्क, पूर्ण बाह्या, काम झालं की लगेच साबणाने हात. भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. शक्य तितकं काम रंध्याने आणि खरवडणीने उरका, भुकटीच कमी होते. पुरळ वाढलं किंवा छाती भरली तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मिरज_खुंटी

कडेच्या सहा सेंमीच्या पट्ट्या जळणात टाकू नका. मिरजेत तंबोऱ्याची दांडी आणि तबली (भोपळ्यावरची पातळ फळी) तुणाच्या लाकडाची असते, पण खुंट्यांना शिसवासारखं कडक, दाट लाकूड लागतं. पट्टी तीन सेंमी चौकोनी आणि वीत-दीड वीत लांब, सरळ रेषेची, बिनगाठीची असेल तर खुंटी कातता येते. तुमच्या पट्ट्या दोन-दोन जोडून नका देऊ, अखंड जाडीच हवी, जोडावर खुंटी पिळताना फाटते. डोक्यांना मेण लावून ठेवा, म्हणजे टोकाकडून चिरा जाणार नाहीत.

कराड_हौशी

पट्ट्या ३.२ जाडीच्या अखंडच आहेत, मेण लावून ठेवतो. फळ्या आजपासून देवघराशेजारच्या खोलीत रचल्यात, मधे सागाच्या चिपा घातल्यात. पायाच्या भोकांचा पहिला प्रयत्न शिसवाच्या कडेच्या तुकड्यावर करतो. एकच शंका: ७ मिमीचं ड्रिल आत गेल्यावर धूर येतोय आणि भोकाची कड काळी पडतेय.

वखार_सांगली

ड्रिलचा वेग कमी करा आणि दर पाच मिमीला बाहेर काढून भुसा झटका. शिसवाचा तेलकट भुसा खाचेत चिकटून बसतो, बाहेर पडत नाही, म्हणून घर्षणाने जळतं. बिटचं टोक बोथट असेल तर बदला. काळी पडलेली भिंत पटाशीने पातळ तासून काढा, जळक्या लाकडावर सरस धरत नाही.